चित्राच्या शेजारी कोण उभं होतं?

महाराष्ट्रात चित्रकाराला पहिली सरकारी मान्यता मिळते ती शाळेत. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली आणि ए ग्रेड आली की दहावीला सात गुण वाढीव, बी आली तर पाच, सी आली तर तीन. एरवी ज्या घरात ‘चित्रं काढून पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न रोज जेवताना विचारला जातो, त्याच घरातली आई पोराला रविवारी सकाळी सातला उठवून स्मरणचित्राच्या क्लासला पोचवते. स्मरणचित्रात भाजीवाली काढायची, स्थिरचित्रात तांब्या, वांगं आणि मागे चुण्या पडलेलं कापड. चुण्या ज्याला जमल्या तो त्या वर्षीचा राजा रविवर्मा. मग निकाल लागतो, सात गुण टक्केवारीत विरघळतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. सरकारच्या दृष्टीने कलेचं काम तिथे संपलेलं असतं.

काही पोरांची पेटी मात्र माळ्यावर जात नाही. सोसायटीत त्यांच्याबद्दल ‘याचा हात चांगला आहे हं’ असं बोललं जाऊ लागतं. हात चांगला असलेल्या मुलाने गणपतीची आरास करायची असते, तिसऱ्या मजल्यावरच्या ताईच्या बायोलॉजीच्या जर्नलमध्ये बेडूक काढून द्यायचा असतो आणि कोणाच्याही लग्नात थर्माकोलची अक्षरं कापायची असतात. मोबदला पोहे. प्रतिष्ठित कामाला शिरा. या काळात त्याला जेवढी ओळख मिळते तेवढी पुढची तीस वर्षं मिळत नाही, पण हे त्याला कोणी सांगत नाही. तो जेजेला प्रवेश घेतो. जेजे म्हणजे १८५७ सालापासून चालू असलेलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथे शिकल्याने चित्र चांगलं येतं का यावर वाद आहेत, पण समोरच्या प्रत्येकाला ‘सर’ म्हणायची सवय पक्की लागते. मराठी कलाजगतात सगळेच सर असतात. शिकवणारे सर, शिकणारे पुढच्या वर्षीचे सर, फ्रेमवाला सर आणि टेम्पोतून चित्रं आणणाराही, भाडं ठरेपर्यंत, सर.

पदवी हातात पडली की पुढचा मुक्काम जहांगीर. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उघडली, आणि तिथे एक आठवडा भिंत मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं रांगेत असतात. अर्जासोबत चित्रांचे नमुने द्यावे लागतात. अर्ज करताना माणूस कोकणातली घरं काढत असतो. मधल्या काळात तो घरांवरून खिडक्यांवर येतो, खिडक्यांवरून चौकोनांवर, आणि नंबर लागतो तेव्हा चौकोनही सुटून नुसता राखाडी रंग उरलेला असतो. आता नातेवाइकांना काय सांगायचं? त्यांना कौलारू घर मिळेल म्हणून आधीच शब्द दिलेला असतो.

प्रदर्शन मंगळवारी सुरू होतं. समई आणायची राहिलेली असते, म्हणून कोणीतरी पळत जातं. प्रमुख पाहुणे म्हणून मालिकेतला नट, निवृत्त सनदी अधिकारी किंवा बँकेचे कोणी साहेब येतात. पाहुण्यांच्या भाषणाचं पहिलं वाक्य महाराष्ट्रभर एकच आहे: ‘खरं सांगायचं तर मला चित्रातलं काही कळत नाही.’ सभागृह हसतं, टाळ्या पडतात आणि पाहुणे त्यानंतर चित्रकलेवर अर्धा तास बोलतात. सर्जनकडे कोणी असं बोलून सुरुवात केल्याचं ऐकिवात नाही. मला पोटातलं काही कळत नाही, तरी दोन शब्द सांगतो!

माझा एक चित्रकार मित्र आहे. बदलापूरला राहतो, पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो, आणि त्याच्या प्रदर्शनात मी टेबलाशी बसण्याचं काम करतो. टेबलावर तीन वस्तू असतात: कॅटलॉगचा गठ्ठा, झाकण हरवलेलं पेन आणि अभिप्रायाची वही. माझ्या मते समकालीन भारतीय कलेचा खरा इतिहास या वह्यांत आहे. कोणी एकदा त्या गोळा कराव्यात. ‘खूप सुंदर, रंगसंगती अप्रतिम, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हा मजकूर तर रबरी शिक्का बनवून ठेवावा इतका नियमित. त्याखाली डोंबिवली पूर्वेचं एक कुटुंब: ‘छान वाटले. निसर्गचित्रे असती तर मुलांनाही आवडले असते.’ त्याखाली कोणीतरी रागावून: ‘चित्र क्र. ७ उलटे लागले आहे काय?’ त्याखाली: ‘मीसुद्धा चित्रकार आहे, संपर्क करा’ आणि फोन नंबर. एका पानावर फक्त ‘एसी छान आहे.’ आणि एका पानावर, आई कॅटलॉगने वारा घेत बसलेली असताना, कोणा पोराने बॉलपेनने काढलेलं हेलिकॉप्टर. मित्र म्हणाला, ‘या प्रदर्शनातली सर्वांत जिवंत रेषा ही आहे.’ मला त्याच्या बोलण्यातला कडवटपणा समजला. त्याचं म्हणणं खरंही होतं.

येणारे लोक तरी किती तऱ्हेचे! ऊन लागलं म्हणून येणारे, स्वच्छतागृह विचारणारे, फोर्टातल्या कचेरीतून डबा खाऊन पाय मोकळे करायला येणारे. जेजेची पोरं येतात ती चित्राकडे न बघता कॅनव्हासच्या कडेला नाक लावून खिळे कसे मारलेत ते बघतात. एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा पर्समधून काढून चित्राशेजारी धरतात. त्यांना हसू नये, सगळ्या आठवड्यात विकत घेण्याच्या तयारीने आलेल्या त्या एकट्याच असतात. आणि प्रत्येकाचे ठरलेले दोन प्रश्न. पहिला, ‘हे काढायला किती वेळ लागला?’ दुसरा, ‘पोर्ट्रेट करता का?’ पोर्ट्रेट करणारे बाहेर फूटपाथवर बसलेले असतात. त्यांची कमाई रोख असते आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. मित्र दुपारी चहाच्या निमित्ताने बाहेर जातो आणि त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभा राहतो.

सोमवारी संध्याकाळी चित्रं उतरतात. दोन विकली गेलेली असतात: एक मावशीने घेतलेलं, एक सोफ्याच्या रंगाचं. बाकीची त्याच टेम्पोने बदलापूरला. मला बरीच वर्षं वाटायचं की ओळख मिळायची ती अशीच, आठवड्या-आठवड्याने, वहीच्या पानापानाने साठत जात असेल. पण नंतर कुलाब्याच्या गॅलऱ्यांत जायला लागलो.

तिथे दार बंद असतं. बेल वाजवावी लागते. आत पांढऱ्या भिंती, एका भिंतीवर एक चित्र आणि कोपऱ्यात लॅपटॉपमागे एक मुलगी, जी मान वर न करता तुमच्या चपला बघू शकते. अभिप्रायाची वही नाही. अभिप्राय नकोच आहे कोणाला. किमती लिहिलेल्या नसतात. यादी मागावी लागते, आणि मागणाऱ्याच्या आवाजावरून यादी सापडते किंवा सापडत नाही. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लागते. पहिली टिकली काही ठिकाणी गॅलरीवालेच लावतात असं म्हणतात. एकटं पहिलं गिऱ्हाईक व्हायला माणूस बिचकतो, दुसरं व्हायला बिचकत नाही. ज्या दुकानात गर्दी तिथे वडा चांगला, हे मुंबईकराला कोणी शिकवायला नको.

या जगात चित्रकाराची ओळख म्हणजे लग्नाच्या बाजारातला बायोडेटा. मुलगा स्वतः काय बोलतो याला तिथे फार महत्त्व नसतं. कूळ कोणतं, मामा कोण, आधी कुठल्या घरात सोयरीक झाली, हे बघतात. चित्रकाराच्या बायोडेट्यात शाळा, मग कोणत्या गॅलरीत प्रदर्शन, कोणाच्या संग्रहात काम, कोणत्या क्युरेटरने निवडलं, हे येतं. छायाचित्र शेवटी. मी हे गमतीने म्हणत होतो, पण काही शास्त्रज्ञांनी ते गंभीरपणे मोजलं. सॅम्युएल फ्रायबर्गर, अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगातल्या सुमारे पाच लाख चित्रकारांच्या प्रदर्शनांचा हिशेब मांडला. निष्कर्ष असा, की चित्रकाराची पहिली पाच प्रदर्शनं कुठे झाली यावरून त्याचं पुढे काय होणार हे बऱ्यापैकी सांगता येतं. सुरुवात नावाजलेल्या जागी झाली तर तो शेवटपर्यंत त्याच वर्तुळात फिरतो. बाहेर झाली तर आत शिरणं फार थोड्यांना जमतं आणि बरेचसे वाटेतच थांबतात. मी हे मित्राला सांगितलं. त्याची पहिली पाच प्रदर्शनं म्हणजे सोसायटीचा गणेशोत्सव, वाचनालयाचा हॉल, मंगल कार्यालयाचा वरचा मजला (खाली मुंज चालू होती), एका पतपेढीचं उद्‌घाटन आणि पुन्हा सोसायटीचा गणेशोत्सव. तो म्हणाला, ‘म्हणजे विज्ञानाने सिद्ध झालं. बरं झालं, मी उगाच रंगांना दोष देत होतो.’

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणणारे एक काका अशा वेळी हटकून भेटतात. पूर्वी म्हणे नुसत्या चित्राच्या जोरावर माणूस वर यायचा. काकांना १९४७ सालची मुंबई दाखवायला हवी. त्या वर्षी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. सूझा मूळचे गोव्यातल्या साळगावचे, आणि जेजेने त्यांना आधीच काढून टाकलेलं होतं. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून आलेले. आरा मोटारी धुण्याचं काम केलेले. गुण होतेच, पण शेजारी कोण उभं होतं तेही बघा. हिटलरच्या काळातल्या युरोपातून निसटून मुंबईत आलेले तिघे: ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रांवर लिहिणारे रुडी फॉन लायडन, त्याच वर्तमानपत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर आणि चित्रं विकत घेणारे उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर. एक लिहिणारा, एक शिकवणारा, एक पैसे देणारा. एवढे तिघे मिळाले की पोथी पूर्ण होते. शिवाय फ्रेमवाला हवा. केकू गांधींचा ‘केमोल्ड’ हा फ्रेमचाच धंदा; दुकानात फ्रेमच्या नमुन्यात या पोरांची चित्रं लावता लावता १९६३ साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उघडली गेली. आधुनिक भारतीय चित्रकला चौकटीतून बाहेर पडली असं समीक्षक लिहितात. धंद्याच्या बाजूने पाहिलं तर ती चौकटीतच जन्माला आली.

काका मग गायतोंड्यांचं नाव काढतात, आणि तिथे थोडं थांबावं लागतं. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, जेजेत शिकले, पुढे दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले. लोकांना भेटायचे नाहीत, वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, बहुतेकांना नावही द्यायचे नाहीत. २००१ साली गेले तेव्हा त्यांची खबर घेणारे थोडेच होते. २०१३च्या डिसेंबरात मुंबईत ख्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन. २०२५च्या सप्टेंबरात सॅफ्रनआर्टच्या लिलावात एक चित्र ६७ कोटींच्या वर. तेव्हापासून मुंबईत अबोल चित्रकारांचं पेव फुटलं आहे. फोन उचलत नाहीत, उद्घाटनाला येतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. पण नुसत्या अबोलपणाने गायतोंडे होता आलं असतं तर आमच्या बँकेच्या काउंटरवरचे साहेब आज गुगेनहाइममध्ये असते. गायतोंडे चित्र काढत नसताना काय करायचे? तर तेच, चित्राचा विचार. हा भाग अनुकरणाला अवघड आहे, म्हणून तो कोणी करत नाही.

या कोटींपैकी चित्रकाराच्या घरी काय जातं, हे विचारणं असभ्य समजतात. कायदा मात्र असभ्य आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलम ५३अ आलं: मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांच्या वर विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. वाचून मी हरखलो आणि ओळखीच्या सगळ्या चित्रकारांना सांगत सुटलो. त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. एक ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, ‘वाटा मागायला आधी चित्र कोणाकडे आहे ते कळायला हवं ना. माझी निम्मी चित्रं दंतवैद्याकडे आहेत. दात काढून घेतले आणि चित्रं दिली.’ फी चुकती झाली, पुनर्विक्री झाली नाही.

आता केळ्याचा विषय. तो टाळता येत नाही, कारण चित्रकलेवर बोलायला लागलं की कोणत्याही मराठी घरात दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, ‘ते केळं चिकटवलं होतं ते!’ इटलीचे मौरित्सिओ कातेलान यांनी २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात भिंतीवर चंदेरी चिकटपट्टीने एक केळं लावलं, नाव ‘कॉमेडियन’, किंमत १ लाख २० हजार डॉलर. घेणारे निघाले. एका कलाकाराने ते सगळ्यांसमोर सोलून खाल्लं. गॅलरीने दुसरं लावलं, वाद मिटला. २०२४च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात त्याची एक प्रत ६२ लाख डॉलरना गेली, म्हणजे पन्नास कोटींहून जास्त. त्या दिवशीचं केळं रस्त्यावरच्या गाडीवरून ३५ सेंटला आणलेलं. घेणारे जस्टिन सन, क्रिप्टोवाले. त्यांनी हाँगकाँगला पत्रकार परिषद घेऊन ते खाऊन टाकलं आणि त्या गाडीवरून एक लाख केळी घेण्याचं जाहीर केलं.

यावर जळगावकडचे माझे एक परिचित, ज्यांच्या तीन पिढ्या केळीच्या बागेत गेल्या, खूप वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘क्विंटलला काय पडलं?’

पण त्यांना खरी गोम सांगितल्यावर मात्र पटली, आणि इतक्या लवकर पटली की मला आश्चर्य वाटलं. घेणाऱ्याला मिळालं ते काय? एक केळं, एक चिकटपट्टीचं रीळ आणि एक प्रमाणपत्र. केळं नासलं की बदलायचं, कसं लावायचं याच्या सूचना सोबत. पन्नास कोटी त्या प्रमाणपत्राचे. पॅरिसच्या, न्यूयॉर्कच्या समीक्षकांना हे समजावून घ्यायला मार्सेल द्युशाँपर्यंत जावं लागतं, ज्यांनी १९१७ साली प्रदर्शनात मुतारी पाठवली होती. महाराष्ट्रातल्या माणसाला तहसील कचेरीपर्यंत गेलं तरी पुरतं. माणूस समोर उभा आहे, जिवंत आहे, हात जोडतो आहे. पण हयातीचा दाखला नसेल तर पेन्शन नाही. दाखला असेल तर माणूस दिसला नाही तरी चालतं. आम्ही हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या जगत आलो आहोत. कातेलान यांनी त्याचे पैसे केले, एवढाच आमच्यात आणि त्यांच्यात फरक.

दाखल्यानंतर येतं निवेदन. चित्राशेजारी आता एक कागद असतो, आणि लोक कागद आधी वाचतात. मित्राला एका समूहप्रदर्शनासाठी निवेदन मागितलं. त्याने लिहिलं, ‘आमच्या शेडमध्ये पावसाचं पाणी येतं, म्हणून मी बादल्या काढतो.’ आयोजकांकडून तपासून परत आलं ते असं: ‘गळती आणि धारणा यांच्यातल्या अस्थिर अवकाशात घरगुती भांड्याच्या स्मृतीला प्रश्नांकित करत कलाकार उपनगरीय देहाच्या ओलाव्याशी संवाद साधतो.’ त्याच्या बायकोने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘आपल्याकडचं कोणी आजारी आहे का?’

चेष्टा सोडा, क्युरेटर नावाचा माणूस डोळस असला तर तो फार मोठं काम करून जातो. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या खाणीत. त्यांनी कोळसाच हातात घेतला आणि भिंतींवर काळी, डोक्याच्या जागी दिवे आणि यंत्रं असलेली माणसं काढली. भिंतीवरचं चित्र प्रदर्शन संपलं की पुसलं जातं. सोफ्याच्या कापडाशी ते जुळवायची सोय नाही. कुलाब्याच्या क्लार्क हाउस या छोट्या जागेत, जिथे सुमेश शर्मा आणि झाशा कोला ही मंडळी अशी कामं दाखवत होती, तिथे लोकांनी ती पाहिली. पुढे कोचीचं बिएनाले, वेल्समधला आर्तेस मुंदी पुरस्कार, जो २०२१ साली यादीतल्या सहाही कलाकारांना मिळून दिला गेला, आणि २०२२ला व्हेनिस. त्या छोट्या जागेतला पहिला माणूस, ज्याने ‘या पोराला एक भिंत द्या’ म्हटलं, त्याच्या पुढे पन्नास कोटींचं केळं सोललेलंच बरं.

ज्यांना भिंत मिळत नाही त्यांच्यासाठी मराठी आईवडिलांनी फार पूर्वी एक मार्ग सांगून ठेवला आहे: नोकरी सांभाळून कर काय ते. पोरं यावर संतापतात. पण दाखले बघा. सुधीर पटवर्धन ठाण्यात २००५पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसभर माणसांच्या आतले फोटो, उरलेल्या वेळात बाहेरचे: लोकलमधले, इराण्याकडचे, उल्हास नदीकाठचे. बडोद्याचे भूपेन खख्खर सनदी लेखापाल; त्यांची चित्रं २०१६ला लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागली. म्हणजे आयुष्यभर ज्या वाक्यावर दात खाल्ले ते आईचं वाक्य टेट मॉडर्नने खरं ठरवलं. मला यात आया जिंकल्याचं दुःख नाही, पण त्या आता ऐकायच्या नाहीत.

मुंबईच्या कलाजगाला एक घोड्याचं वेडही आहे, ते जाता जाता सांगतो. काळा घोडा हे नाव सातव्या एडवर्डच्या पुतळ्याचं. पुतळा १९६५ला राणीच्या बागेत गेला, नाव राहिलं, आणि २०१७ला तिथे नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. हुसेनचे घोडे तर जगभर धावले. आणि २०२३पासून ‘आर्ट मुंबई’ हा मोठा कलामेळा भरतो तो महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. जागा अगदी योग्य. कोण नवा आहे, कोणाच्या तबेल्यातला आहे, मागच्या वेळी कितवा आला होता, याची चर्चा त्या मैदानाला नवी नाही. तिथे तरुण संग्राहक चित्राकडे बघत फोनवर विचारतात, ‘याचं पुढे काय होईल?’ हा प्रश्न चित्रकारालाही पडलेला असतो, पण त्याला कोणी टीप देत नाही.

वयाचीही एक भानगड आहे. पस्तिशीपर्यंत चित्रकार ‘उदयोन्मुख’ असतो. पुरस्कार, शिष्यवृत्त्या, निवासी शिबिरं सगळ्यांचे फॉर्म तिथे संपतात. त्यानंतर पंचाहत्तरीपर्यंत तो कोणीच नसतो. पंचाहत्तरीनंतर त्याचा शोध लागतो. अर्पिता सिंग यांचं भारताबाहेरच्या एखाद्या संस्थेतलं पहिलं एकल प्रदर्शन लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत २०२५ला झालं; त्यांचा जन्म १९३७चा. नसरीन मोहमदी १९९०ला अलिबागजवळच्या किहीमला वारल्या, आणि न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाने २०१६ला आपलं दार उघडलं ते त्यांच्या प्रदर्शनाने. मधली चाळीस वर्षं कशी काढायची याचा अभ्यासक्रम जेजेत नाही. मित्र सध्या बरोबर त्या मधल्या पट्ट्यात आहे, पोटरीपर्यंत.

तर मागच्या पावसाळ्यात त्याला कुलाब्याहून फोन आला. लॅपटॉपमागच्या मुलींपैकीच एक, आवाज मात्र गोड. त्यांना ‘नव्वदच्या दशकातले विस्मृतीत गेलेले उपनगरी चित्रकार’ असं काहीतरी करायचं होतं. ‘सर, तुमची त्या काळातली मोठी कॅनव्हास आहेत का?’ मित्र गडबडला. त्या काळातली बरीच कॅनव्हास त्याने पैसे वाचवायला पांढरी करून पुन्हा रंगवली होती. दोन उरली होती, चांगली सहा फुटी, जहांगीरहून न विकता परत आलेली. ती कुठे आहेत हे त्याने फोनवर सांगितलं नाही. ती शेडच्या पत्र्याखाली, जिथे सगळ्यांत जास्त गळतं तिथे, तारेने ताणून बांधली होती, आणि सहा-सात पावसाळे त्यांनी इमानेइतबारे काढले होते.

मुलाने शिडीवर चढून फोटो काढले आणि पाठवले. संध्याकाळी बाईंचा पुन्हा फोन. त्या भारावलेल्या होत्या. विशेषतः डावीकडच्या कोपऱ्यात जे तपकिरी वर्तुळावर वर्तुळ उमटलं आहे, त्यात काळाचा जो थर आहे, तो अगदी विलक्षण आहे, तो कसा साधला? मित्राने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘पाणी आहे मॅडम ते. गळतीचं. पुसून, साफ करून देतो.’ पलीकडून जवळजवळ किंकाळी आली. ‘नको सर! हात लावू नका! ते डागच काम आहे. तसेच ठेवा, आम्ही टेम्पो पाठवतो.’

मित्राने फोनवर हात ठेवून बायकोला सगळं सांगितलं. ती पत्र्याकडे बघत बादली सरकवत होती. म्हणाली, ‘त्यांना म्हणावं, टेम्पो दिवाळीनंतर पाठवा. आत्ता काढलं तर गळेल, आणि डागच हवे असतील तर अजून एक पावसाळा खाऊ दे की.’